पंधरा कर्मादाने आणि नाहीशी झालेली हरणे

जिनमंदिरात लहान मुलांना तीर्थंकर ओळखायला शिकवले जाते ते लांछनावरून. सर्व मूर्तींची मुद्रा सारखीच शांत आणि ध्यानस्थ, म्हणून मुलांची नजर आधी पीठिकेवर जाते. वृषभ दिसला की आदिनाथ, सर्प दिसला की पार्श्वनाथ, सिंह दिसला की महावीर, आणि मान वळवून बसलेले इवलेसे हरीण दिसले की सोळावे तीर्थंकर शांतिनाथ. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांत वाढलेल्या कित्येक जैन मुलांची हरणाशी पहिली ओळख अशी संगमरवरावर होते.

खरे हरीणही या उपनगरांपासून फार दूर नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत आदिनाथ, भरत आणि बाहुबली यांच्या भव्य मूर्तींचे त्रिमूर्ती मंदिर आहे, आणि त्यामागच्या डोंगरांत आजही चितळ, भेकर आणि सांबर नांदतात. सांबर हे भारतातील सर्वांत मोठे हरीण. दोन कोटींहून अधिक माणसांच्या महानगराला खेटून ते जगते, याचे श्रेय जंगलाइतकेच ते राखणाऱ्यांनाही आहे. त्यामुळे उद्यानात पहाटे फिरायला जाणाऱ्या श्रावकाच्या मनात हरणाविषयी अपराधाची भावना सहसा नसते. घरात मांस शिजत नाही, कोणी बंदूक हाती धरलेली नाही, पर्युषणात जीवदयेच्या खात्यात यथाशक्ती रक्कम जमा होते. हरीण आणि आपले घराणे यांच्यात कोणतीही उधारी नाही, अशीच त्याची समजूत असते.

ही समजूत कधी कधी घरातले लहान मूलच हलवते. मुलुंडमधल्या एखाद्या घरात शाळेचे पुस्तक हाती घेऊन नात विचारते, “आजोबा, शांतिनाथ भगवंतांचं हरीण कोणतं? चितळ की सांबर?”

“शास्त्रात नुसतं मृग म्हटलंय, बाळ. जात सांगितलेली नाही.”

“इथं बारशिंग्याचं चित्र आहे. त्याच्याच कुळातलं एक हरीण जगातून कायमचं संपलं, असं लिहिलंय. कोणी संपवलं?”

“शिकाऱ्यांनी संपवलं असेल.”

“फक्त शिकाऱ्यांनी?”

आजोबांचे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. मोठ्या हरणांच्या ज्या शाखा गेल्या दीडशे वर्षांत नाहीशा झाल्या किंवा नाहीशा होता होता वाचल्या, त्यांची कहाणी बारकाईने पाहिली, तर बंदुकीच्या मागे कोणीतरी हिशेबाची वही घेऊन बसलेला दिसतो. आणि त्या वहीविषयी जैन शास्त्राने फार पूर्वी, फार स्पष्ट शब्दांत सांगून ठेवले आहे.

प्राणिशास्त्रात एका जातीच्या निरनिराळ्या प्रदेशांत घडलेल्या शाखांना उपजाती म्हणतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर मूळ पेढी एकच, पण प्रत्येक गावच्या शाखेने तिथल्या हवापाण्याप्रमाणे आपली रीत बसवलेली असते. भारतातील बारशिंग्याच्या अशा तीन शाखा आहेत. एक उत्तरेकडील तराईच्या दलदलीत, दुसरी आसामात काझीरंग्याच्या परिसरात, आणि तिसरी मध्य भारतातील साल वृक्षांच्या वनांमधील गवताळ मैदानांत. पहिल्या दोघींचे खूर चिखलात रुतू नयेत म्हणून फाकलेले असतात. मध्य भारतातील बारशिंगा कठीण जमिनीवर वाढला, म्हणून त्याचे खूर घट्ट आणि आवळलेले. एखादी शाखा बंद पडली, तर ‘पेढी तर चालू आहे’ या समाधानाला अर्थ उरत नाही. त्या मातीशी जुळवून घेण्याचे हजारो वर्षांचे शहाणपण तिच्याबरोबर जाते, आणि ते दुसऱ्या शाखेतून उसने आणता येत नाही.

मध्य भारतातील या बारशिंग्याचे अखेरचे घर म्हणजे कान्हा. आज ते मध्य प्रदेशात, मंडला आणि बालाघाट जिल्ह्यांत मोडते. बालाघाटची सीमा महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून आहे, आणि १९५६ पर्यंत या साऱ्या मुलखाचा कारभार नागपूरहून चालत असे. त्या काळच्या मध्य प्रांतातील वनाधिकारी डनबार ब्रँडर यांनी तेथील प्राण्यांचे वर्णन १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि पुढे या उपजातीला त्यांचेच नाव मिळाले. १९३८ च्या सुमारास कान्हाच्या परिसरात सुमारे ३००० बारशिंगे होते. १९७० मध्ये केवळ ६६ उरले. त्या वेळी या उपजातीचा दुसरा मोठा कळप जगात कोठेही नव्हता.

हे ६६ कसे वाचले ते पाहण्याआधी ३००० कसे घटले ते पाहायला हवे. आणि ते पाहण्यासाठी श्रावकाच्या सातव्या व्रताइतका उपयोगी दिवा दुसरा नाही. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. आनंद धनाढ्य गृहस्थ होता. त्याची शेती मोठी होती, गोधन मोठे होते, व्यवहार दूरवर पसरलेला होता. त्याला बारा व्रतांचे अतिचार समजावताना भगवान महावीरांनी भोगोपभोग-परिमाण व्रताच्या अंतर्गत पंधरा कर्मादाने सांगितली. ज्या उद्योगांतून कर्माचा मोठा ओघ आत येतो, ते हे पंधरा उद्योग: पाच कर्मे, पाच वाणिज्ये आणि पाच सामान्य व्यवसाय. श्वेतांबर परंपरेत प्रतिक्रमणातील अतिचारांच्या उच्चारात त्यांची नावे आजही येतात, बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त त्यांचे विवरण केले, दिगंबर परंपरेत पंडित आशाधरांच्या ‘सागारधर्मामृता’तही त्यांचा विचार आढळतो. ही यादी स्वयंपाकघरासाठी नाही. ती दुकानासाठी आहे, वखारीसाठी आहे, शेतासाठी आहे. तिच्यातील निदान चार नावे हरणांच्या नाशाच्या चार कारणांशी जुळतात.

पहिले नाव दवदान, म्हणजे रानाला वणवा लावणे. टीकाकारांनी त्याचा एक सूक्ष्म प्रकार सांगितला आहे: जुने गवत जाळले म्हणजे नवे कोवळे गवत उगवेल आणि गाई चरतील, अशा पुण्यबुद्धीने लावलेली आगही दवदानच. कान्हाच्या मैदानांत असेच घडत होते. बारशिंगा जवळजवळ केवळ गवतावर जगतो; पाने खाऊन वेळ निभावणे त्याला चितळ-सांबरासारखे जमत नाही. त्याची पिल्लेही उंच गवतात दडवून वाढवली जातात. मैदाने वरचेवर जळत राहिली, गुरे चरत राहिली, काही भाग नांगराखाली गेला. उंच गवत संपले आणि त्याबरोबर पाडसांचा आडोसाही संपला. त्यात शिकारीची भर पडली. पण नुसती शिकार थांबवून हा कळप वाढला नसता, कारण त्याच्या घराचे छप्परच नाहीसे झाले होते.

दुसरे नाव सरःशोष: सरोवर, डोह, तळी आटवणे. धान्य पेरण्यासाठी पाण्याची जागा कोरडी करणे हा त्याचा अर्थ टीकांत दिला आहे. बारशिंग्याचा अगदी जवळचा भाऊ सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये राहत असे. चाओ फ्राया नदीच्या पाणथळ मैदानांतील हे हरीण १८६३ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीतील एडवर्ड ब्लाइथ यांनी शास्त्रीय जगापुढे आणले, आणि बँकॉकमधील ब्रिटिश वकील रॉबर्ट शॉम्बर्ग यांचे नाव त्याला दिले. त्याच्या शिंगांना इतके फाटे फुटत, की डोक्यावर वेताची परडी ठेवल्याचा भास व्हावा. पुढे १८५५ च्या बाउरिंग तहाने सयामचा तांदूळ परदेशी बाजारासाठी खुला झाला होता, त्याची मागणी वाढत गेली. १८९० नंतर रंगसितसारख्या कालवा-योजनांनी दलदलीची शेते केली. हरणाचे मैदान भाताच्या पोत्यांत भरून जहाजांवर चढले. पावसाळ्यात पूर आला की उरलेली हरणे उंचवट्यांच्या लहान बेटांवर अडकत, आणि शिकारी होडीतून जाऊन त्यांना सहज मारत. १९३२ मध्ये रानातले शेवटचे ज्ञात हरीण मारले गेले. एक नर एका मंदिरात पाळलेला होता. तोही १९३८ मध्ये मारला गेला. पूर्ण पेंढा भरलेला एकच नमुना आज पॅरिसच्या निसर्ग-संग्रहालयात उभा आहे.

या तांदळाच्या अडत्यांपैकी किती जणांनी ते हरीण डोळ्यांनी पाहिले असेल? बहुतेकांनी नाहीच. त्यांनी भाव पाहिला, वजन पाहिले, माल पोचल्याची पावती पाहिली. धान्याचा व्यापार हा जैन घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निर्दोष मानलेला व्यापार. म्हणूनच शास्त्रकारांनी सरःशोष स्वतंत्रपणे का नोंदवला असावा, हे सयामच्या उदाहरणावरून उमगते. धान्य शुद्ध असले, तरी ते कोणत्या जमिनीवर उभे राहिले हा प्रश्न उरतोच.

तिसरे नाव दंतवाणिज्य. हत्तीच्या सुळ्यांवरून आलेला हा शब्द हेमचंद्राचार्यांनी व्यापक केला आहे: त्रस जीवांचे दात, केस, नखे, हाडे, कातडी, लोम व्यापारासाठी उत्पत्तिस्थानी जाऊन घेणे ते दंतवाणिज्य. जुन्या टीकाग्रंथांतील त्याचे स्पष्टीकरण आजच्या अर्थशास्त्रालाही मान्य व्हावे असे आहे. व्यापारी वनवासी पुलिंदांना सुळ्यांसाठी आगाऊ मोल देऊन ठेवतो. ‘तो वाणी आता येईलच’ या विचाराने पुलिंद हत्ती मारतात. शस्त्र पुलिंदाचे असते, पण इसार व्यापाऱ्याचा असतो. शॉम्बर्गच्या हरणाची शिंगे औषधी म्हणून विकली जात. १९९१ मध्ये लाओसमधील एका औषधांच्या दुकानात त्याचीच वाटणारी शिंगे आढळली, तेव्हा जगभरच्या अभ्यासकांनी कान टवकारले. अमेरिकेत तर या कर्मादानाने शब्दशः दाताचेच रूप घेतले. तेथील एल्क नावाच्या प्रचंड हरणाच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन दात असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घड्याळाच्या साखळीला ते दात लटकवण्याची श्रीमंत पुरुषांत फॅशन आली, आणि पश्चिमेकडील डोंगरांत केवळ दोन दातांसाठी एल्क मारून बाकीचा देह तसाच टाकून दिला जाऊ लागला.

चौथे नाव वनकर्म, अर्थात वन तोडून त्यावर उपजीविका करणे. त्याच अमेरिकेच्या पूर्व भागात, अटलांटिक किनाऱ्यापासून मिसिसिपी नदीपर्यंतच्या अरण्यांत, एल्कची पूर्वेकडील उपजात राहत असे. वसाहती पश्चिमेकडे सरकत गेल्या, अरण्ये तुटली, शेते झाली. मांस आणि कातडी बाजारात गेली. पेनसिल्व्हेनिया राज्यात शेवटचे एल्क १८७७ मध्ये मारल्याची नोंद आहे, आणि १८८० च्या सुमारास ही उपजात संपली. पुढे १९१३ मध्ये यलोस्टोन परिसरातून पश्चिमेकडील एल्क आणून तेथे सोडण्यात आले, आणि त्यांची वंशवृद्धीही झाली. अरण्यात आज पुन्हा हरणाची साद ऐकू येते, पण ती दुसऱ्या शाखेची आहे. मूळ उपजात इतरांहून नेमकी किती वेगळी होती, यावरच आज संशोधकांत वाद आहे, कारण तपासण्यासाठी तिचे फारच थोडे अवशेष मागे राहिले.

कान्हाच्या बारशिंग्यावर ही पाळी आली नाही. जॉर्ज शॅलर यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात धोक्याची जाणीव करून दिली होती. त्या काळी मंडल्याचे जिल्हाधिकारी असलेले एम. के. रणजितसिंह आणि वनखात्याचे अधिकारी यांनी मैदाने मोकळी करण्याचे काम हाती घेतले. १९६९ मध्ये सोंफ हे गाव हलवण्यात आले, तेथे पुन्हा उंच गवत वाढले, आणि त्याच गवतात बारशिंग्यांनी पाडसे वाढवली. १९७० मध्ये हिंस्र प्राण्यांना आत येता येणार नाही असा कुंपणाचा वाडा बांधून काही बारशिंगे त्यात ठेवण्यात आले. एक वाडा नेमिनाथांच्या वरातीच्या वाटेवर होता. त्यातले मृग मारण्यासाठी कोंडले होते. कान्हाच्या वाड्यातले मृग वाचवण्यासाठी कोंडले गेले. आज तेथील बारशिंग्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. २०१५ पासून काही बारशिंगे सातपुड्यातील बोरी येथे आणि २०२३ मध्ये बांधवगडला नेण्यात आले, म्हणजे एका जागी रोगराई आली तरी सारे कुळ बुडू नये. बारशिंग्याच्या आसामातील उपजातीला पुढे रणजितसिंहांचे नाव देण्यात आले. एका शाखेला शिकार जाणणाऱ्या वनाधिकाऱ्याचे नाव आणि दुसरीला राखण करणाऱ्या जिल्हाधिकाऱ्याचे, असा हा योग आहे.

मात्र या यशाची किंमत कोणी मोजली, हे पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. गावे उठली ती बैगा आणि गोंड कुटुंबांची. बारशिंगा त्यांनी एकट्यांनी संपवला नव्हता, पण गाव त्यांना सोडावे लागले. श्वेतांबर परंपरेतील शांतिनाथांच्या पूर्वभवाची कथा येथे आठवते. राजा मेघरथ बहिरी ससाण्यापासून कबुतराचे रक्षण करतो. ससाणा आपला आहार मागतो. तेव्हा राजा तराजू मागवतो आणि कबुतराच्या भाराइतके मांस स्वतःच्या देहातून काढू लागतो. पारडे वर येईना, तेव्हा तो स्वतःच पारड्यात बसतो. कथेचा भर करुणेवर आहेच, पण व्यापाऱ्याच्या कानाला त्यातील तराजूही ऐकू यावा. अभय दिले त्यानेच त्याचे मोल भरले. ते त्याने शेजाऱ्याच्या नावे मांडले नाही.

जैन विचारात कर्म तीन वाटांनी लागते: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला मान्यता दिलेले, कृत, कारित आणि अनुमोदित. मुंबईच्या उपनगरांतील व्यापारी घराण्यांचा कृताशी संबंध क्वचितच येतो. त्यांचा खरा प्रश्न कारिताचा आणि अनुमोदिताचा आहे. लाकडाच्या वखारीत येणारा माल कोणत्या रानातून आला? ज्या प्रकल्पात भागीदारी घेतली, त्याची जमीन पूर्वी तळे होती की खाडी? ज्या कंपनीचे समभाग मुलाच्या नावे घेतले, ती नेमके काय करून नफा मिळवते? औषध, अत्तर किंवा शोभेची वस्तू घेताना तिच्यात कोणाचे शिंग वा कातडे आहे? हे प्रश्न धर्माच्या बाहेरचे नाहीत. आनंद श्रावकाला ते समोरासमोर ऐकवले गेले होते. पर्युषणात पांजरपोळीला दिलेली देणगी पवित्रच आहे. पण जीवदयेच्या खात्यात जमा झालेली रक्कम आणि त्याच वर्षी एखादे पाणथळ बुजवून मिळालेला नफा एकाच वहीत शेजारी शेजारी असतील, तर बेरीज कोणत्या बाजूला झुकते, हे ज्याने त्याने पाहायचे आहे.

उपनगरांनी याची दुसरी बाजूही अनुभवली आहे. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये पुरा झाला. शहराला पाणी हवे होते, म्हणून भोवतालचे पाणलोटाचे रान राखले गेले. त्या रानाच्या आधाराने आज बोरिवलीचे सांबर टिकून आहे. पाणी राखले की हरीणही राखले जाते, याचा हा घरापाशी असलेला पुरावा. पूर्वेकडे घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात ठाण्याची खाडी, तिच्या काठची खारफुटी आणि मिठागरे आहेत. खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली आणि २०२२ मध्ये त्याची रामसर स्थळांत गणना झाली. या पट्ट्यातील जमिनीचे भाव काय आहेत, हे तेथील व्यापाऱ्यांना कोणी सांगायला नको. पुढील काळात या काठांवर जे निर्णय होतील, त्यांत भांडवल म्हणून, भागीदार म्हणून, घरांचे ग्राहक म्हणून जैन कुटुंबे असणार आहेत. सयामच्या अडत्याला आपल्या पोत्यामागचे हरीण दिसत नव्हते. मुलुंडच्या गच्चीवरून खाडी स्पष्ट दिसते.

नातीच्या प्रश्नाला आजोबांनी द्यायचे पूरक उत्तर कदाचित त्यांच्या रोजच्या आवर्तनातच आहे. पाक्षिक प्रतिक्रमणात कर्मादानांची नावे भराभर उच्चारली जातात; उच्चार शुद्ध असतो आणि अर्थ मागे राहतो. पुढच्या पाक्षिकाला तिला शेजारी बसवून वनकर्म, दंतवाणिज्य, दवदान आणि सरःशोष ही चार नावे सावकाश म्हणावीत, प्रत्येक नावापुढे एका हरणाची गोष्ट सांगावी, आणि मग दुकानातील कोणता व्यवहार त्या नावाच्या जवळ जातो, हेही तिच्यादेखत मोकळेपणाने बोलावे. मिच्छामि दुक्कडम्‌ म्हणताना ते कोणत्या नोंदीसाठी आहे, हे मग दोघांनाही ठाऊक असेल.